उपग्रह मोजणी की टोटल स्टेशन? मुंबईतल्या भूखंडाची हद्द कशी धरावी

प्रश्न असा आहे. पश्चिम उपनगरातली एक गृहनिर्माण संस्था पुनर्विकासाच्या तयारीत आहे. मिळकत पत्रिकेवर भूखंडाचे क्षेत्र १६७२.३ चौरस मीटर आहे. एका एजन्सीने ‘सॅटेलाइट मोजणी’ करून १६८४.० चौरस मीटर काढले, दुसरीने टोटल स्टेशन (तिपाईवरून कोन आणि अंतर मोजणारे दुर्बिणीचे यंत्र) लावून १६५९.५. समितीत आता दोन तट पडले आहेत. एक म्हणतो, उपग्रहाची मोजणी नवी, म्हणून तीच खरी. दुसरा म्हणतो, जागेवर उभे राहून दुर्बिणीतून मोजलेलेच भरवशाचे. खरा आकडा कोणता आणि पुढची मोजणी कोणत्या पद्धतीने करून घ्यावी?

पद्धतीचा वाद बाजूला ठेवून आधी एक भागाकार करा. दोन आकड्यांत फरक २४.५ चौरस मीटर. एवढ्या भूखंडाचा परिघ साधारण १६५ मीटर. २४.५ भागिले १६५ म्हणजे जवळजवळ १५ सेंटिमीटर. आता कंपाउंडच्या भिंतीची जाडी टेपने मोजून पाहा. सहा इंची ब्लॉकची भिंत असेल तर ती बरोबर तेवढीच भरेल. एकाने भिंतीची बाहेरची बाजू धरली आहे आणि दुसऱ्याने आतली, असा याचा सर्वांत सरळ अर्थ. तसे होण्याला कारणही आहे. उपग्रहाच्या रोव्हरला (पोलवर लावून फिरवायच्या रिसीव्हरला) वर मोकळे आकाश लागते. ते रस्त्याच्या बाजूला मिळते, म्हणून त्यांचा पोल भिंतीबाहेर उभा राहिला असणार. टोटल स्टेशन आवारात लावतात, त्यामुळे त्यांचा प्रिझम (यंत्राचा किरण परत पाठवणारी काच) आतून भिंतीला टेकला असणार. दोन्हींच्या मधली रेषा धरली तर क्षेत्र १६७१.७५ येते. मिळकत पत्रिकेवरचे १६७२.३ म्हणजे जुने २००० चौरस वार (१ वार म्हणजे ३ फूट). अर्ध्या चौरस मीटरच्या फरकाने दोन्ही जुळतात.

भिंत कुठे नऊ इंची असेल, कुठे पत्रा असेल, एखाद्या कोपऱ्यात शेजाऱ्याचे शौचालय आत आले असेल, तर हिशेब बदलेल. म्हणून चारही बाजूंना भिंतीची जाडी आणि दोन्ही एजन्सींनी कोणता बिंदू घेतला ते विचारून घ्या. पण मुद्दा लक्षात यावा: यंत्र कोणते वापरले याने इथे फरक पडलेला नाही, कशाला पोल लावला याने पडला आहे. मुंबईतल्या मोजणीचे बरेच वाद असेच असतात.

‘सॅटेलाइट मोजणी’ म्हणजे काय

बऱ्याच जणांची समजूत असते की वरून उपग्रह भूखंडाचा फोटो काढतो आणि त्यावरून माप निघते. तसे नाही. उपग्रह फक्त रेडिओ संदेश पाठवतात. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. त्यांच्या जोडीला रशियाचे ग्लोनास, युरोपचे गॅलिलिओ, चीनचे बैदू आणि आपले नाविक. जमिनीवरचा रिसीव्हर हे संदेश पकडून आपली जागा काढतो. मोबाइलसुद्धा हेच करतो, पण त्याची चूक मोकळ्या मैदानातही तीन ते पाच मीटर असते. मोबाइलचे अ‍ॅप हातात धरून भूखंडाभोवती फिरून क्षेत्र काढणारे लोक आहेत. त्या आकड्यावर कोणाशी भांडू नये. गगन या भारतीय सुधारणा सेवेने ही चूक मीटर-दोन मीटरवर येते. विमानांना आणि मच्छीमारांना ते उपयोगी आहे, हद्दीला नाही.

मोजणीचा रिसीव्हर वेगळ्या तत्त्वावर चालतो. तो लहरीतला संदेश वाचून थांबत नाही, खुद्द लहरी मोजतो. जीपीएसच्या मुख्य लहरीची लांबी १९ सेंटिमीटर. उपग्रहापासून आपल्यापर्यंत अशा पूर्ण लहरी नेमक्या किती, हा आकडा सुटला की जागा सेंटिमीटरभर चुकीत कळते. त्यासाठी दुसरा रिसीव्हर माहीत असलेल्या बिंदूवर ठेवावा लागतो, त्याला बेस म्हणतात, किंवा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या कॉर्स केंद्रांची (सतत चालू असलेल्या स्थिर रिसीव्हरांची) सुधारणा मोबाइल डेटावरून घ्यावी लागते. महाराष्ट्रात अशी ७७ केंद्रे आहेत आणि भूमी अभिलेख विभागाच्या ई-मोजणीत आता याच जाळ्यावर चालणारे रोव्हर वापरतात. लहरींचा आकडा सुटला की पडद्यावर ‘फिक्स’ येते. सुटला नाही तर ‘फ्लोट’, म्हणजे चूक काही दशमांश मीटरची. फ्लोटमध्ये घेतलेला हद्दीचा बिंदू मोजणीत धरायचाच नाही.

कंपन्यांच्या माहितीपत्रकात आडवी अचूकता ८ मिलिमीटर अधिक दर किलोमीटरला १ मिलिमीटर आणि उभी १५ मिलिमीटर अधिक तेवढेच, असे लिहिलेले असते. टोटल स्टेशनच्या अंतराला साधारण २ मिलिमीटर अधिक दर किलोमीटरला २ मिलिमीटर आणि कोनाला १ ते ५ सेकंद (सेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). कागदावर दोन्ही उत्तम. पण पहिला आकडा मोकळ्या आकाशाचा आहे, आणि उपनगरातल्या गल्लीत तेच मिळत नाही.

गल्लीत काय होते

भूखंडाच्या कोपऱ्यात पोल धरून वर पाहा. एका बाजूला आपली चार मजली इमारत, दुसऱ्या बाजूला शेजारचा वीस मजली टॉवर, मध्ये पर्जन्यवृक्षाची छत्री. निम्मे आकाश झाकलेले. उपग्रह दिसतात ते एका पट्ट्यात, म्हणजे उत्तर-दक्षिण गल्लीत फक्त उत्तर-दक्षिण ओळीत. मग त्या गल्लीच्या लांबीत जागा ठीक येते, पण रुंदीत लंगडते. हद्दीचा वाद मात्र नेमका रुंदीतला असतो. रिसीव्हरवर पीडीओपी नावाचा आकडा दिसतो, तो उपग्रहांच्या मांडणीचा दर्जा सांगतो. तो ३ च्या वर गेला की हद्दीचे बिंदू घेऊ नयेत.

त्याहून वाईट म्हणजे परावर्तन. काचेच्या दर्शनी भिंती, पत्र्याची छपरे, उभ्या गाड्या आणि पावसाळ्यात साचलेले पाणी यांवर आपटून आलेली लहर लांबचा रस्ता घेऊन येते. रिसीव्हर ती खरी समजतो. अशा जागी ‘फिक्स’ आलेले असते, पडद्यावर दोन सेंटिमीटर अचूकता दिसत असते आणि बिंदू प्रत्यक्षात एक-दोन लहरींनी, म्हणजे २० ते ४० सेंटिमीटरने सरकलेला असतो. यंत्र खोटे बोलत नाही, त्याला ते कळलेलेच नसते. हे पकडायचा एकच खात्रीचा उपाय: अँटेना उलटी धरून किंवा झाकून फिक्स तोडायचा, पुन्हा येऊ द्यायचा आणि तोच बिंदू दोन-तीन तासांनी परत घ्यायचा. तोवर उपग्रह जागा बदलतात, त्यामुळे परावर्तनही बदलते. दोन्ही वेळचे आकडे दोन-तीन सेंटिमीटरच्या आत जुळले तर बिंदू धरावा. एकदाच पाच सेकंद उभे राहून घेतलेला बिंदू अशा गल्लीत धरू नये.

संध्याकाळचाही एक त्रास असतो. मुंबईच्या अक्षांशावर सूर्यास्तानंतर आयनोस्फिअर खवळते, विशेषतः मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, आणि सूर्यावर डाग जास्त असलेल्या वर्षांत. सात वाजल्यानंतर फिक्स वारंवार सुटू लागला तर यंत्र बिघडले असे समजू नका. सकाळी या.

इमारतीचा कोपरा हा तर उपग्रह पद्धतीचा कायमचा कच्चा दुवा आहे. कोपऱ्याला पोल टेकवला की आकाशाचा मोठा भाग इमारतच झाकते. शिवाय पोल सरळ नसला तर चूक वेगळीच. दोन मीटरचा पोल एक अंश कलला तरी वरचे टोक साडेतीन सेंटिमीटर सरकते. म्हणून पोलवरचा बबल (पोल सरळ आहे हे दाखवणारा बुडबुडा) घरून निघताना तपासायचा असतो: पोल भिंतीच्या खोबणीत धरून बबल मध्ये आणा, मग पोल स्वतःभोवती अर्धा फेरा फिरवा. बबल हलला तर तो बिघडलेला आहे. हल्ली कललेल्या पोलची दुरुस्ती करणारे रिसीव्हर आले आहेत. ते सोयीचे आहेत, पण कंट्रोल पॉइंटसाठी (पुढच्या मोजणीला आधार असलेल्या पक्क्या बिंदूंसाठी) ती सोय बंद ठेवून दोन पायांच्या आधारावर पोल उभा करावा.

जुन्या पद्धतींची ताकद आणि त्यांच्या चुका

‘पारंपरिक’ या एका शब्दात चार पिढ्यांची साधने येतात. आपल्याकडची जुनी शंकू-साखळीची मोजणी ३३ फुटांच्या साखळीने होत असे, तिचे १६ आणे. ३३ गुणिले ३३ म्हणजे १०८९ चौरस फूट, हाच एक गुंठा. ४० गुंठ्यांचा एकर. टिपण नावाच्या कागदावर आधाररेषा आणि तिच्यावरचे लंब आण्यांत लिहिलेले असतात. मग फलकयंत्र आले, थिओडोलाइट आला आणि आता टोटल स्टेशन. विल्यम लॅम्बटन या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८०२ मध्ये मद्रासजवळ साखळीने पहिली आधाररेषा मोजून सुरू केलेल्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाने अख्खा देश उपग्रहाविना जोडला. पद्धत जुनी आहे म्हणून ती ढोबळ, असे समजू नये.

टोटल स्टेशनला आकाश लागत नाही, नजर लागते. दोन इमारतींच्या मधल्या दीड मीटरच्या बोळात ते काम करते. ५० मीटरवरचा भिंतीचा कोपरा ते तीन-चार मिलिमीटरच्या आत देते, आणि ते सकाळी तेवढेच, संध्याकाळी तेवढेच. त्याच्या चुका मात्र माणसाच्या असतात. प्रिझमचा स्थिरांक चुकीचा भरला, उदाहरणार्थ उणे ३० च्या जागी शून्य, तर प्रत्येक अंतर ३ सेंटिमीटरने चुकते, आणि सगळेच सारखे चुकत असल्याने आकृती छान दिसते. प्रिझमशिवाय थेट भिंतीवर किरण मारताना तो कोपऱ्यावरून निसटून मागच्या झाडावर आदळतो किंवा काचेतून आत जातो. यंत्र हलले, तिपाईचा एक पाय उन्हात तापलेल्या डांबरात रुतला आणि बॅकसाइट (दिशा बसवायला आधी पाहिलेला माहीत बिंदू) पुन्हा पाहिली नाही, तर त्यानंतरचे सगळे बिंदू फिरलेले निघतात. दर पंधरा-वीस बिंदूंनंतर आणि यंत्र उचलण्याआधी बॅकसाइट परत पाहणे ही सवय कामगाराला लावावीच लागते.

टेपही कमी समजू नये. ३० मीटरचा पोलादी टेप २० अंश सेल्सिअसला खरा असतो. उन्हात १५ अंशांनी जास्त तापला तर ५ मिलिमीटर वाढतो, एवढेच. वाद मिटवायला समोरासमोर धरलेला टेप सगळ्यांना पटतो. म्हणून यंत्राने मोजून झाल्यावर भूखंडाच्या चार बाजू आणि शक्य असेल तर एक कर्ण शेजाऱ्यांच्या देखत टेपने मोजून नकाशावर लिहावा.

यंत्राची अचूकता आणि हद्दीची अचूकता

इथे सगळ्यात जास्त गल्लत होते. हद्द हा नुसता एक्स-वाय आकडा नाही. हद्द म्हणजे अभिलेखातली रेषा, जागेवरची खूण आणि लगतधारकाची मान्यता. उपग्रह तुम्हाला खुणेची जागा सेंटिमीटरवर सांगेल; ती खूण खरी की कोणी हलवलेली, हे तो सांगू शकत नाही.

अभिलेखाची स्वतःची अचूकता पाहा. नकाशावरची रेघ साधारण पाव मिलिमीटर जाड. १:५०० च्या नगर भूमापन नकाशावर ती जमिनीवर साडेबारा सेंटिमीटर होते, १:१००० वर २५ सेंटिमीटर, १:५००० च्या गावनकाशावर सव्वा मीटर. मुंबई शहरात लॉटन यांची १८६५ ते १८७२ ची मोजणी झाली, पुढे विसाव्या शतकात सिटी सर्व्हे झाला. उपनगरांत आधी सर्व्हे नंबर आणि हिस्से होते, नंतर नगर भूमापन आले. हे कागद दमट हवेत फुगले-आकसले, त्यांच्या प्रतींच्या प्रती निघाल्या. फोटोकॉपीत तर उभे आणि आडवे प्रमाण वेगवेगळे बदलते. नकाशा स्कॅन करून त्यावर काम करण्याआधी त्यावरचे चौकोन किंवा प्रमाणपट्टी दोन्ही दिशांना मोजून घ्यावी लागते.

म्हणजे १५ सेंटिमीटर जाडीच्या भिंतीची कोणती बाजू खरी, हे साडेबारा सेंटिमीटर जाडीच्या रेघेवरून ठरत नाही. ते ठरते जुन्या दगडांवरून, मूळ ले-आउटमधल्या लिहिलेल्या मापांवरून, खरेदीखतातल्या चतुःसीमेवरून आणि आधीच्या मोजणीच्या ‘क’ प्रतीवरून (भूमी अभिलेख विभागाने दिलेल्या मोजणी नकाशावरून). जिथे माप आकड्यात लिहिलेले आहे, तिथे नकाशावरून पट्टीने काढलेले माप मागे राहते.

आणि एक गोष्ट समितीने स्पष्ट समजून घ्यावी: खासगी एजन्सीचा नकाशा कितीही सुबक असला तरी हद्द कायम करण्याचा अधिकार नगर भूमापन अधिकाऱ्याच्या मोजणीलाच आहे. खासगी मोजणी वास्तुविशारदाच्या कामासाठी. हद्दीसाठी ई-मोजणीवर अर्ज, लगतधारकांना नोटीस, जागेवर खुणा आणि जाबजबाब, हा रस्ता टाळून चालत नाही. त्या मोजणीवर हरकत असेल तर निमताना मोजणी, म्हणजे वरिष्ठांकडून फेरमोजणी, मागता येते. महापालिकेत प्रस्ताव जातो तेव्हा कागदोपत्री आणि प्रत्यक्ष क्षेत्रात फरक असल्यास कमी आकडा धरण्याकडेच कल असतो, त्यामुळे १६८४ चा आकडा हातात आला म्हणून जास्त बांधकाम मिळेल अशी आशा धरू नका. उलट १६५९.५ हा आकडा भिंतीच्या आतल्या बाजूचा असूनही तसाच दाखल झाला, तर पावणेतेरा चौरस मीटर नाहक गमावाल.

मग मोजणी कशी करावी

अशा भूखंडाला दोन्ही पद्धती मिळून लागतात, आणि क्रम महत्त्वाचा आहे. आधी कागद: मिळकत पत्रिका, नगर भूमापन नकाशाची सहीशिक्क्याची प्रत, खरेदीखत, मंजूर ले-आउट, असेल तर जुनी ‘क’ प्रत. मग नुसत्या डोळ्यांनी जागेची पाहणी. जुने दगड बहुतेकदा फरसबंदीखाली किंवा गटाराच्या काठाला गाडलेले असतात. नकाशावर दिसणाऱ्या आणि अजून उभ्या असलेल्या गोष्टी शोधायच्या: जुनी विहीर, जुन्या बंगल्याचा जोता, शेजारच्या भूखंडाचा कोपरा. अशा चार ते सहा खुणा सापडल्या पाहिजेत. तीन सापडल्या तर गणित सुटते, पण चूक लपून राहते.

त्यानंतर उपग्रह. रोव्हर भूखंडाच्या कोपऱ्यांवर न्यायचा नाही. आकाश मोकळे असलेल्या जागी किमान तीन कंट्रोल पॉइंट करायचे. जवळचे मैदान, चौक किंवा रुंद रस्त्याचा दुभाजक. इमारतीची गच्चीही चालते, पण तिथून खाली नजर पोचली पाहिजे आणि पाण्याच्या टाकीपासून, मोबाइलच्या अँटेनांपासून लांब उभे राहिले पाहिजे. प्रत्येकावर तिपाई लावून ४५ मिनिटे ते तासभर स्थिर निरीक्षण, किंवा कॉर्सच्या सुधारणेवर तीन-तीन मिनिटांची दोन सत्रे, मध्ये काही तासांचे अंतर. क्षितिजापासून १५ अंशांखालचे उपग्रह बंद ठेवावेत.

हे बिंदू एकमेकांपासून लांब हवेत. समजा दोन बिंदू ३० मीटरवर घेतले आणि त्यांच्यात दोन सेंटिमीटरची चूक आहे. त्या रेषेवर टोटल स्टेशनची दिशा बसवली की दिशा कोनाच्या सव्वादोन मिनिटांहून जास्त फिरते आणि १५० मीटरवरचा कोपरा १० सेंटिमीटर सरकतो. तेच बिंदू दीडशे मीटरवर असते तर चूक दोन सेंटिमीटरवरच राहिली असती. जागा नाही म्हणून गेटसमोरच दोन बिंदू उरकणे ही मुंबईतली नेहमीची चूक आहे.

आता टोटल स्टेशन. एका कंट्रोल पॉइंटवरून निघून, आवारातून फिरून, दुसऱ्यावर बंद होणारा ट्रॅव्हर्स, म्हणजे टप्प्याटप्प्याने मोजलेल्या रेषांची साखळी. प्रत्येक कोन डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही मुखांनी. दीडशे-दोनशे मीटरच्या ट्रॅव्हर्सचा क्लोजिंग एरर (शेवटी न जुळणारा फरक) दोन सेंटिमीटरच्या आत आला पाहिजे. नाही आला तर आकडे वाटून टाकायचे नाहीत, चूक शोधायची. ट्रॅव्हर्स पक्का झाला की मग भिंतीच्या दोन्ही बाजू, इमारतींचे कोपरे, झाडे, चेंबर, विजेचे खांब. भिंतीच्या बिंदूंना आत-बाहेर असे वेगळे कोड द्यावेत. पहिल्या मोजणीत एवढेच झाले असते तर हा प्रश्न आलाच नसता.

शेवटी जुना नकाशा त्या चार-सहा खुणांवर बसवायचा. प्रत्येक खुणेवर उरलेला फरक किती ते लिहून द्यायला सांगा. पाच खुणा १५ सेंटिमीटरच्या आत बसल्या आणि सहावी ८० सेंटिमीटर बाहेर गेली, तर सहावी खूण हललेली आहे. ती सोडून पुन्हा बसवायचे आणि तसे नोंदवायचे. सगळ्यांवर चूक सारखी पसरवून नकाशा ताणणे हे काम बिघडवण्याचा हमखास मार्ग आहे.

क्षेत्राच्या आकड्यात लपलेला फुगवटा

उपग्रह मोजणीचे निर्देशांक बहुधा यूटीएम या पृथ्वीचे उभे पट्टे पाडणाऱ्या नकाशा-पद्धतीत देतात. मुंबई ४३ क्रमांकाच्या उत्तर पट्ट्यात येते, त्याची मध्यरेषा ७५ अंश पूर्व रेखांशावर. मुंबई तिच्यापासून सव्वादोनशे किलोमीटर पश्चिमेला, पट्ट्याच्या जवळजवळ कडेशी. गोल पृथ्वी सपाट करताना इथे अंतर फुगते: जमिनीवरचे १०० मीटर नकाशावर १००.०२३ होतात. हेक्टरला सुमारे साडेचार चौरस मीटर, तुमच्या भूखंडाला पाऊण. फार नाही, पण मोठ्या ले-आउटमध्ये नगण्यही नाही. त्याहून मोठा घोटाळा ट्रॅव्हर्समध्ये होतो. ३०० मीटरवरच्या दोन यूटीएम बिंदूंमधले अंतर टोटल स्टेशन ७ सेंटिमीटर कमी दाखवते. नवखा माणूस ती यंत्राची चूक समजून ‘जुळवून’ टाकतो. उपाय सोपा आहे: एक बिंदू मूळ धरून स्थानिक ग्रिड करावी, प्रमाण गुणक १ ठेवावा आणि नकाशावर ‘अंतरे जमिनीवरची’ असे लिहावे.

निर्देशांकांसोबत ते कोणत्या चौकटीतले आणि कोणत्या वर्षाचे, हेही लिहून घ्या. भारतीय भूपट्ट वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो. वीस वर्षांच्या अंतराचे दोन संच शेजारी ठेवले तर मीटरभर फरक दिसेल. भूखंडाचा आकार त्याने बदलत नाही, कारण शेजारीही तेवढाच सरकतो.

उंचीसाठी लेव्हलच

पुनर्विकासात उंचीचे काम हद्दीइतकेच महत्त्वाचे आहे: जोत्याची पातळी, तळघर, पर्जन्यजल वाहिनीचा उतार. इथे माझा कौल पूर्णपणे जुन्या ऑटो लेव्हलला आहे. रोव्हरची उंची गल्लीत तीन-चार सेंटिमीटर सहज चुकते, आणि २०० ला १ उतार असलेल्या २० मीटर गटाराला एकूण उतारच १० सेंटिमीटर मिळतो. लेव्हलने एक किलोमीटरचा फेरा १२ मिलिमीटरच्या आत बंद होतो.

शिवाय उंची कुठून मोजली हा प्रश्न आहेच. उपग्रहाची उंची एका गणिती लंबगोलापासून असते. मुंबईत खरी समुद्रसपाटी त्या लंबगोलाच्या साठ मीटरहून जास्त खाली आहे, म्हणून रस्त्यावर उभे राहून रोव्हरवर उणे पन्नास-साठ असा आकडा येतो. ते बरोबरच असते, फक्त भाषा वेगळी. सर्वेक्षण विभागाचे बेंचमार्क (उंची माहीत असलेल्या पक्क्या खुणा) सरासरी समुद्रसपाटीपासून आहेत. त्यासाठी अपोलो बंदरच्या भरती-मापकासह फाळणीपूर्व भारतातल्या नऊ ठिकाणच्या नोंदी घेतल्या होत्या. महापालिकेच्या गटारांच्या जुन्या नकाशांत टाउन हॉल डेटम (उंचीची शून्य पातळी) असते, त्याचे शून्य समुद्रसपाटीच्या वीस-पंचवीस मीटर खाली. बंदराचे शून्य आणखी वेगळे. नकाशावर नुसते ‘पातळी २८.४०’ लिहिलेले असेल तर त्याचा काही उपयोग नाही. कोणत्या बेंचमार्कवरून, कोणत्या डेटममध्ये, हे हवेच.

ड्रोनबद्दलही विचारणा होते. तो छपराची कड पाहतो, भिंत नाही. छज्जा पुढे असेल तर इमारत दोन फूट फुगते. विमानतळ, जुहूची धावपट्टी आणि पोलिसांचे मनाई आदेश यांमुळे उपनगरात परवानगीचाच प्रश्न येतो. एका भूखंडासाठी त्याची गरज नाही. गूगल अर्थच्या चित्रावर नगर भूमापनाची रेषा टाकून शेजाऱ्याला दाखवू नका. उंच इमारती त्यात कललेल्या असतात आणि चित्रच काही मीटर सरकलेले असू शकते.

उपग्रहाला खरा वाव मोकळ्या जागी आहे. अटल सेतूच्या २१.८ किलोमीटरपैकी बहुतेक लांबी समुद्रावर, तिथे तिपाई ठेवायला जमीनच नाही. मिठागरे, खाडीकाठ, आरेतले मोठे पट्टे, इथे रोव्हरवाला एका दिवसात करतो ते टोटल स्टेशनला आठवडा लागेल. उलट मेट्रो ३ च्या साडेतेहतीस किलोमीटरच्या मार्गिकेत वर उपग्रहाने कंट्रोल पॉइंट केले, तरी बोगद्यात दिशा शाफ्टमधून खाली उतरवून ट्रॅव्हर्सनेच न्यावी लागते.

तुमच्या कामाच्या आदेशपत्रात एवढे लिहून घ्या: कंट्रोल पॉइंट किमान तीन, एकमेकांपासून १०० मीटरहून दूर, प्रत्येक दोन सत्रांत, ट्रॅव्हर्सचा क्लोजिंग एरर किती आला तो लेखी, भिंतीच्या आत, बाहेर आणि मध्य अशा तीन रेषांनी तीन क्षेत्रे, नकाशा बसवताना प्रत्येक खुणेवर उरलेला फरक, उंचीचा बेंचमार्क आणि डेटम, आणि कॅड फाइलसोबत रिसीव्हर व टोटल स्टेशनचा कच्चा डेटा. कंट्रोल पॉइंटचे खिळे पाडकाम होणार नाही अशा जागी ठोकून त्यांचे फोटो आणि जवळच्या तीन पक्क्या खुणांपासूनची टेपची अंतरे घ्या, कारण इमारत पाडल्यावर भूखंडाचे कोपरे पुन्हा उभे करायला तेवढेच हाताशी राहते.